सब्जाचं पाणी

आमच्या ह्यांचे पाय वाढत होते आणि त्याचं घरात कुणालाच काही वाटत नव्हतं. चाळिशी ओलांडलेल्या माणसाचे पाय वाढतात कसे, हा साधा प्रश्न आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नाही. लग्नात आठ नंबरची चप्पल घालणारा माणूस. मग नऊ झाला, मग दहा. शेवटी कंपनीच्या स्टोअरमध्ये ह्यांच्यासाठी अकरा नंबरचे सेफ्टी शूज वेगळे मागवून घ्यायला लागले, तेव्हाही आम्ही हसलोच.

हे चाकणच्या एका फोर्जिंग कंपनीत हॅमरवर आहेत. भट्टीतून आलेला लालभडक तुकडा चिमट्यात धरायचा, हॅमरखाली ठेवायचा, फिरवायचा, पुन्हा ठेवायचा. शिफ्टभर उभं राहून हेच. त्या शॉपमधल्या, म्हणजे भट्टीच्या खात्यातल्या, लोकांचं स्वतःचं एक वैद्यकशास्त्र आहे आणि त्यात आजाराची कारणं दोनच. एक उभं राहणं, दुसरं उष्णता. पाय वाढले? उभं राहून पसरतात राव, सगळ्यांचेच पसरतात. डोकं दुखतंय? उष्णता. घाम जास्त येतो? मग भट्टीपुढे काय थंडी वाजणार का? ह्यांच्या बोटातली लग्नातली अंगठी रुतून बसली आणि सोनाराकडून कापून घ्यावी लागली, तेव्हा शेजारचा हॅमरवाला म्हणाला, चिमटा धरून धरून बोटं जाड होतात. घ्या! ह्या लोकांच्या पुढे कुठला डॉक्टर टिकणार?

घरातही तीच गत. आम्ही लातूरकडचे. इथे चाकणजवळ कुरुळीत भाड्याच्या खोलीत राहतो, लांबलचक चाळ आहे, समोरासमोर खोल्या आणि टोकाला सामाईक संडास-बाथरूम. मी मेस चालवते, म्हणजे चाळीतल्या आणि आसपासच्या एकट्या राहणाऱ्या पोरांना दोन वेळचे डबे देते. ह्यांचा जबडा रुंद झाला, नाक फुगलं, खांदे भरले, तर लोक मला म्हणायचे, वहिनी, तुमच्या हातचं मानवलंय भाऊंना. मीही फुशारून जायची. सासूबाईंना आमच्याकडे आत्याबाई म्हणतात. आमच्या आत्याबाईंना तर पोरगा अंगानं भरला याचा इतका आनंद, की गावाकडून कुणी आलं की त्याला पुढ्यात बसवून दाखवायच्या. घोरायला लागले तेव्हा मात्र मी भडकले. रोज तो इंजिनाचा आवाज! पण तेही जाडीमुळे म्हणून सोडून दिलं.

ह्यांना पकडलं ते कंपनीच्या गेटवरच्या मशीननं. तिथे आता कार्ड-बिर्ड काही नाही, मशीनपुढे तोंड धरायचं, हिरवा दिवा लागतो, हजेरी लागते. एक दिवस लाल दिवा लागला. पुन्हा धरलं, पुन्हा लाल. मागे रांग तुंबली, पोरं ओरडायला लागली, भाऊ, दाढी करून या! हे रोज थांबायचे, रोज वॉचमन हातानं नाव लिहून घ्यायचा. शेवटी ऑफिसात नवा फोटो काढायला बोलावलं. कंपनीचे डॉक्टर तेव्हा नेमके तिथे कशाला तरी आले होते. कॉम्प्युटरवर जुना आणि नवा फोटो शेजारी शेजारी लागला आणि ते डॉक्टर बघतच राहिले. हात पुढे करा म्हणाले. जीभ दाखवा म्हणाले. दातांमध्ये फटी कधीपासून पडल्या विचारलं. मग म्हणाले, उद्या कामावर येऊ नका, हॉस्पिटलला जा.

त्या दिवशी घरी आल्यावर आम्ही लग्नाचा अल्बम काढला. मी एकदा फोटोकडे बघायची, एकदा ह्यांच्याकडे. देवा रे! रोज ज्याला ताट वाढत होते तो माणूस बदलत बदलत दुसराच झाला होता आणि मला पत्ता नाही. रोज बघणाऱ्याला दिसत नाही म्हणतात ते काय असतं, ते मला त्या दिवशी कळलं. ह्यांनी अल्बम मिटला आणि म्हणाले, जाऊ दे, भूक लागलीय.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिच्यात गाठ झाली होती. कॅन्सरची नव्हे, साधी, पण कामात वस्ताद. माणूस लहान असताना त्याला वाढवायचं जे हार्मोन असतं ते ह्या वयात ती गाठ भसाभस सोडत होती. ऑपरेशन नाकातून केलं. डोकं न फोडता डोक्यातली गाठ नाकातून काढतात, हे मी अजून कुणाला सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. ऑपरेशन चांगलं झालं. डोकेदुखी गेली, घाम कमी झाला, घोरणंसुद्धा पार उतरलं. हाडं वाढली ती वाढली, बूट काही परत आठ नंबरचे होणार नव्हते. पण माझा माणूस हाती लागला होता. मी हरखून गेले, आत्याबाईंनी देहूला जाऊन तुकोबांच्या पायावर डोकं ठेवलं, आणि आम्ही आपले सुटलो असं समजून चाललो.

तपासणीला गेलो तेव्हा हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता आतड्याची दुर्बिणीनं तपासणी करून घ्यायची.

मला वाटलं, कागद बदलला. मी तसं म्हटलंही. "मॅडम, ह्यांचं डोक्याचं होतं. पोटाचं नाही."

बाई शांत स्वभावाच्या. चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "ताई, ते हार्मोन डोक्यात तयार व्हायचं, पण तिथे थांबायचं नाही. ते रक्तातून लिव्हरकडे जातं, लिव्हर त्याच्या सांगण्यावरून आणखी एक रसायन बनवतं, आणि ते रसायन सगळ्या अंगाला एकच हुकूम देत सुटतं, वाढा. हाताला, पायाला, जिभेला, हृदयाला. तसंच आतड्याला. आतड्याचं आतलं अस्तर रोज झिजतं आणि रोज नवं येतं. जुन्या पेशींनी वेळेवर मरायचं असतं. ह्या हुकुमामुळे नव्या जास्त येतात आणि जुन्या मरायचं नाव घेत नाहीत. मग आत चामखिळीसारख्या गाठी उगवतात. पॉलिप म्हणतो आम्ही. बहुतेक निरुपद्रवी असतात. एखादी बिघडते, तिचा पुढे कॅन्सर होऊ शकतो."

"होतोच का?"

"होतोच असं नाही. बऱ्याच जणांना होत नाही. पण इतरांपेक्षा धोका जास्त, म्हणून एकदा बघून घ्यायचं. बिघडायच्या आत सापडली तर तिथल्या तिथे काढून टाकता येते."

मी ह्यांच्या बुटांकडे बघितलं. बाहेरून वाढलेलं सगळ्या चाळीला दिसत होतं, तरी आम्हाला कळायला वर्षं लागली. आत काय वाढलंय ते कोण बघणार होतं? हे मात्र खिडकीबाहेर बघत बसले होते, जसं काही बाई दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतायत.

तपासणीची तयारी म्हणजे पोट धुऊन लखलखीत करायचं. दोन दिवस आधीपासून बियांचं, दाण्यांचं, पालेभाजीचं काही खायचं नाही. आदल्या दिवशी तर अन्नच नाही, नुसतं पाणी, गाळलेलं सरबत, नारळपाणी. आणि दुपारपासून जुलाबाची पावडर पाण्यात मिसळून ग्लासावर ग्लास. खाण्यापिण्याच्या बाबतीत मला कुणी शिकवायची गरज नाही. मी दोन दिवस मऊ भात आणि डाळीचं वरचं पाणी दिलं. आदल्या दिवशी डबे घेऊन बाहेर पडताना आत्याबाईंना बजावलं, "काही खायला देऊ नका. कितीही मागितलं तरी नाही. फक्त पाण्यासारखं काय असेल ते."

"व्हय की. समजतंय मला," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात तपासणी सुरू होऊन थोडाच वेळ झाला असेल, तोच मला आत बोलावलं. डॉक्टरीणबाईंनी पडदा माझ्याकडे वळवला. आतडं मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते, गुलाबी, ओलं. आणि त्यावर जिकडे तिकडे काळे काळे ठिपके, प्रत्येकाभोवती बुळबुळीत पांढरट वेढा.

"हे काय खाल्लंय ह्यांनी?"

मी बघताक्षणी ओळखलं. सब्जा.

आता हे बाहेरच्या माणसाला समजायचं नाही. फोर्जिंगमधल्या माणसाच्या घरात एक वेळ मीठ संपेल पण सब्जा संपणार नाही. भट्टीपुढून आलेला माणूस घरात पाऊल टाकतो तेव्हा भिजवून फुगलेल्या सब्जाचा तांब्या तयार पाहिजे. उष्णतेवर दुसरं औषध नाही, असा सगळ्या शॉपचा सिद्धान्त. आणि आमच्या घरात ते खाण्यात धरतच नाहीत. ते पाणी. आत्याबाईंनी पाण्यासारखं काय असेल ते दिलं होतं. पोरगा दिवसभर उपाशी, त्यात जुलाब होतायत, अंगात उष्णता वाढेल, म्हणून साखर घालून, चांगले मोठे ग्लास भरभरून.

बिया दुर्बिणीच्या नळीत अडकत होत्या. धुवायला पाणी सोडलं की सरकून पुन्हा चिकटत होत्या. "अर्धंच बघता आलं," बाई म्हणाल्या. "उजवीकडचा भाग, जिथे मोठं आतडं सुरू होतं, तो सगळा बियांनी झाकलाय. त्यात ह्या आजारात आतडंही लांब झालेलं असतं, वळणं जास्त असतात. पुन्हा करावं लागेल. आणि ह्या वेळी तयारी एक नाही, दोन दिवस."

घरी येईपर्यंत मी तोंड उघडलं नाही. रिक्षातून उतरले आणि सुटले. माझ्या जिभेला हाड नाही हे अख्ख्या कुरुळीला माहीत आहे, त्या दिवशी तर काही विचारू नका. "समजतंय म्हणालात ना? काय समजलं? माणूस उपाशी मारला, जुलाब लावून मारला, आणि सगळं पाण्यात! सब्जा! कुणी सांगितलं होतं सब्जा द्यायला?"

आत्याबाई चुलीपाशी बसल्यासारख्या गॅसपाशी उकिडव्या बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "रगत पडायलंय त्याला."

"काय?"

"संडासात. लई दिस झाले. तुला सांगू नको म्हणाला. उष्णतेनं पडतंय म्हणून म्या सब्जा वाढिवला."

मी ह्यांच्याकडे वळले. हे कॉटवर बसून मोजे काढत होते, एवढाले पाय, आणि मान खाली.

"खरंय?"

"अगं, शॉपमधे सगळ्यांनाच पडतं अधूनमधून. मूळव्याध. उष्णतेनं होतं. त्यात काय सांगायचं?"

"डॉक्टरला तरी सांगितलंत?"

"त्यांनी विचारलं नाही."

"विचारलं होतं! मी बाजूला बसले होते. तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात!"

तिडीक गेली डोक्यात. रडूही यायला लागलं. रागात रडू आलं की मला आणखी राग येतो. मी भांडी घासायला घेतली आणि घासलेलीच पुन्हा घासली. आधी ती तपासणी म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेली एक खबरदारी होती. आता रक्त होतं, आणि जिथून ते येत असेल तो भाग आम्हीच बियांनी झाकून ठेवला होता. रक्त मूळव्याधीचं असेलही. पण असेल म्हणून भागणार नव्हतं.

आणि ह्यांनी जाहीर केलं, की पुन्हा करायचं नाही.

कारण आधी सांगेनात. डोक्याचं झालं ना, मूळ कारण गेलं, आता पोटाला कशाला हात लावायचा, असं काहीबाही बोलत राहिले. मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, गाठ काढली तरी इतकी वर्षं जे वाढलं ते तसंच असतं, आणि रक्त पडतंय म्हणजे आता अजिबात थांबू नका. मी हे सगळं ह्यांना सांगितलं. कॅन्सर हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदा मी मोठ्यानं उच्चारला. हे उठून बाहेर गेले आणि मोटरसायकल पुसत बसले.

खरं कारण दोन दिवसांनी कळलं, तेही माझ्या चिडण्यातून. मी म्हटलं, "एवढं काय दुखतं हो त्यात? झोपेचं इंजेक्शन देतात, काही कळतसुद्धा नाही!"

"तिथलं काही नाही गं," हे म्हणाले. "इथलं आहे."

मग सांगितलं. तयारीच्या दुपारी सेकंड शिफ्टची पोरं निघायची वेळ होती. तीन संडास, त्यातल्या एकाची कडी मोडकी, आणि बाहेर बादल्या घेऊन रांग. हे आत जाऊन बाहेर यायचे, दोन मिनिटांत पुन्हा पोटात कळ, पुन्हा रांगेत. कुणीतरी दार वाजवलं. कुणीतरी म्हणालं, भाऊ, आज मुक्काम आहे का आत? सगळे हसले. हॅमरवरचा माणूस, अडीच मणाचा देह, संडासाच्या रांगेत पोट दाबून उभा. "तीन-चार ग्लास मी मोरीत ओतले," हे म्हणाले. "परत तो तमाशा मला जमणार नाही. आणि आता तर दोन दिवस म्हणतायत."

आमच्यासारख्यांच्या घरात आजार कुठे अडतो बघा. ऑपरेशनला माणूस घाबरला नाही. संडासाच्या दाराशी अडला. फार वाईट वाटलं मला त्यांचं. रागानं भरलेल्या बाईला असं वाईट वाटलं की ती काय करते? बाहेर जाऊन दुसऱ्यावर ओरडते. नळावर घरमालकीण काकू उभ्या होत्या. जुन्या कुरुळीच्या, ह्या चाळीच्या जागी त्यांचं ज्वारीचं रान होतं तेव्हापासूनच्या. मी त्यांना धरलं. मोडकी कडी कधी बसवणार, तीन संडासात एवढी माणसं कशी कोंबली, इथपासून सुरुवात केली, आणि बोलता बोलता सगळंच बाहेर पडलं. रक्त, सब्जा, मोरीत ओतलेले ग्लास, कॅन्सर, सगळं. बादली भरून वाहत होती, आम्ही दोघी तशाच उभ्या.

बोलून झाल्यावर माझ्या तोंडचं पाणी पळालं. काकूंना सांगितलं म्हणजे चाळीला सांगितलं. ज्या गोष्टीची ह्यांना लाज, तीच मी भर नळावर उघडी केली होती. आता हे माझं तोंड बघणार नाहीत, असं मला वाटलं.

संध्याकाळी काकू आमच्या दारात. हातात कुलूप आणि किल्ली.

"ह्ये घे," त्या आत्याबाईंना म्हणाल्या. "मधला संडास आजपास्नं तुमच्या ल्योकाचा. तपासनी हुस्तवर. कडी बशिवली, आन कुलूप बी लावलंय. कुनी हात लावनार न्हाई. ज्येला घाई आसंल त्यो माज्या घरातल्या संडासात जाईल, व्हय."

"आहो पर रांग..." आत्याबाई म्हणाल्या.

"रांगंचं आमी बगतो की."

हे आत बसून सगळं ऐकत होते. मी चोरून बघितलं. लाजेनं कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. पण काकू गेल्यावर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "कधीची तारीख मिळेल विचार."

तयारी पुन्हा सुरू झाली. सब्जाचा डबा आत्याबाईंनी स्वतः उचलून काकूंकडे ठेवायला दिला, घरातच नको म्हणून. आणि मधल्या संडासाच्या दाराशी प्लास्टिकचं स्टूल टाकून त्या बसल्या. किल्ली कमरेला. दोन्ही दिवस. मी डबे पोचवून यायची तेव्हा लांबूनच त्यांचा हिरवा पदर दिसायचा. सेकंड शिफ्टची पोरं बादल्या घेऊन आली, उरलेल्या दोन दारांपुढे रांग लावून उभी राहिली. रांग पार पायरीपर्यंत गेली, पण एकानं हूं की चूं केलं नाही. उलट हे पोट धरून आले की रांगेतलीच पोरं बाजूला सरायची. एक जण म्हणाला, "निवांत भाऊ. ओव्हरटाइम समजा." ह्यांना हसू आलं. त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा.

ग्लास मी भरायची, हे नाक धरून प्यायचे. शेवटी शेवटी कसं पाणी पडायला हवं ते डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, गोमूत्रासारखं स्वच्छ पिवळं, त्यात कणसुद्धा नको. ते बघायचं कोण? हे म्हणाले, मी सांगतो की झालं. आत्याबाई स्टुलावरून उठल्या.

"सर. मला बगू दे."

"माय, काय बोलायलीस! तू जा बरं घरात."

"का? ल्हानपणी कोण बगत हुतं तुजं? सर म्हणलं की!"

आणि गेल्या आत. बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आजून न्हाई. आजून येक गिल्लास." पुढच्या खेपेला पुन्हा. पहाटेच्या शेवटच्या खेपेला त्या बाहेर आल्या, पदरानं हात पुसले आणि नुसती मान हलवली. शेजारच्या खोलीतले गॅरेजवाले भाई गाडी काढून उभे होते. कालच सांगून ठेवलं होतं त्यांनी, रिक्षानं जायचं नाही, खड्ड्यांत वहिनी, भाऊंची पंचाईत होईल. फर्स्ट शिफ्टची पोरं दात घासत उभी होती, त्यांनी हात हलवले. जणू आम्ही लग्नालाच निघालो होतो.

गाडीत ह्यांनी माझा हात धरला. त्या भल्यामोठ्या पंजात माझा हात दिसेनासा झाला. "मला भीती वाटायलीय," हे म्हणाले. इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. "मलाही," मी म्हटलं. मग भाईंनी रेडिओ लावला.

ह्या वेळी आत बराच वेळ लागला. मला बोलावलं तेव्हा पडद्यावर सगळं स्वच्छ गुलाबी होतं. आणि अगदी टोकाला, उजवीकडे, एक गाठ. देठावर बसलेली, लालसर, खडबडीत. मागच्या वेळी तिथे नुसता काळा थर होता. "हीच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रक्त हिचंच असणार. काढली देठापासून. आणखी दोन बारक्या होत्या, त्याही काढल्या. आता तपासणीला पाठवू." मी त्या गाठीकडे बघत राहिले. बुटाचा नंबर वाढत होता तेव्हाच ही आत बसून वाढत होती.

रिपोर्ट यायला आठवडा लागला. तो आठवडा कसा गेला ते लिहिण्यात अर्थ नाही. वरणात मीठ दोनदा पडलं, पोरांनी न बोलता खाल्लं.

रिपोर्ट घ्यायला आम्ही दोघंच गेलो. बाईंनी कागद वाचला, पुन्हा वाचला, मग चष्मा काढला. गाठीच्या टोकात कॅन्सर सुरू झाला होता. टोकातच. देठात उतरला नव्हता, कापलेली कड स्वच्छ होती. आत्ता आणखी ऑपरेशन नको, औषध नको. पण लक्ष ठेवायचं. पुढच्या वर्षी पुन्हा तपासणी, आणि नंतरही सांगेन तेव्हा. "अजून थोडे महिने गेले असते तर आपण वेगळंच काहीतरी बोलत बसलो असतो," त्या म्हणाल्या. हे बाहेर येऊन जिन्यात बसले आणि मोठ्यानं रडले. येणारे जाणारे बघत होते. बघू देत. मीही रडले.

घरी आलो तेव्हा आत्याबाई उंबऱ्यातच होत्या. सगळं सांगितलं. त्यांनी ह्यांच्या तोंडावरून हात फिरवला, देवापुढे साखर ठेवली. हे चाळीत सांगायला गेले. मग आम्ही दोघीच उरल्यावर त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्या जागीच हुती का गं? माज्या सब्जाच्या खाली?"

मला खोटं बोलता येत नाही. आलं असतं तरी ह्या बाईशी बोलले नसते.

"हो," मी म्हटलं. "त्याच जागी होती. आणि तुम्ही दारात बसून राहिलात म्हणून सापडली."

त्या हमसून हमसून रडायला लागल्या. सासरे गेले तेव्हासुद्धा मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. मी त्यांना जवळ घेतलं. आमच्यात तशी रीत नाही, पण घेतलं. एवढीशी बाई, सगळी हाडं हाताला लागली. मग त्यांनी पदरानं नाक पुसलं.

"परत कवा हाय म्हणली डाक्टरीण?"

"पुढच्या वर्षी."

"बरं," आत्याबाई म्हणाल्या. काकूंनी अजून परत न मागितलेली कमरेची किल्ली चाचपून बघितली, होती तिथेच. "बसंन की मी."